अनुभव धागा: आलिशान गाडीतला खून, कोकण रेल्वेची वाट आणि लिहून खेळलेला खेळ

सूत्रधार, रत्नागिरी

मंडळी, गाडी मडगावला लागली, खुनी सापडला. आता जे जे खेळलात त्यांनी इथे बैजवार लिहा, कारण असा खेळ चालवायचाय म्हणून विचारणारे बरेच जण आहेत आणि प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एका जागी सगळं असलेलं बरं.

नवीन लोकांसाठी आधी सांगतो, हा ग्रुपवर लिहून खेळायचा खुनाच्या रहस्याचा खेळ. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, ते काय बोललं काय केलं हे ग्रुपवर लिहायचं, बाकीचं जग सूत्रधाराने चालवायचं. सगळ्यांनी एका वेळी हजर असायची गरज नाही, कोणी पहाटे कलमांना पाणी सोडायच्या आधी लिहितं, कोणी रात्री दुकानाचं शटर ओढून.

गाडीच का, तर माणसं मोजकी, डबे ठरलेले, आणि संशयित पळून जाऊ शकत नाही. युरोपातली ओरिएंट एक्सप्रेस १८८३ मध्ये सुरू झाली आणि १९२९ मध्ये तुर्कस्तानात बर्फात कित्येक दिवस अडकून पडली, तेव्हापासून अडकलेली आलिशान गाडी म्हटलं की लोकांना रहस्यच आठवतं. आपल्याकडे बर्फ नाही पण दरड आहे, आणि बराचसा मार्ग अजून एकेरी आहे. आपली गाडी मी डेक्कन ओडिसीवरून बेतली, ती २००४ ला सुरू झाली तेव्हा इथे किती कौतुक होतं ते आठवतंय. नाव मात्र बदललं, खऱ्या गाडीत खून नको.

आता महत्त्वाचं. लिहून खेळताना एक साधा प्रश्न आणि त्याचं उत्तर यात अख्खा दिवस जातो, दहा प्रश्नांची चौकशी म्हणजे दहा दिवस, आणि तेवढ्यात लोकांचा रस जातो. म्हणून मी स्टेशनं धरली. चिपळूण ते रत्नागिरी एक टप्पा, त्याची तारीख आधीच जाहीर, तोपर्यंत जे लिहाल ते लिहाल, तारीख आली की गाडी सुटली. कोणासाठी थांबायचं नाही. आणि पोस्ट एडिट करायची नाही, कधीच नाही. समोरासमोर खेळताना कोण काय बोललं ते अर्ध्या तासात विसरायला होतं, इथे प्रत्येक खोटं अक्षरात पडून असतं. पुरावा तोच.

आंबेवाली, रत्नागिरी

ज्या समुद्रामुळे खुनी सापडला त्याचं मीच लिहिते, कारण ते खोटं मला सापडलं होतं.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी, हापूस निर्यात करणाऱ्या शेठचा खून करबुड्याच्या बोगद्यात झाला, रत्नागिरीला प्रेत सापडलं, आणि त्यानंतर राजापूर रोड यायच्या आत त्यांच्या केबिनमधली कागदांची बॅग गायब झाली. मुंबईचे वकील म्हणाले की त्या वेळात मी लाउंजमध्ये खिडकीशी समुद्र बघत बसलो होतो. आम्ही सगळ्यांनी ते वाचलं आणि पुढे गेलो, कोकण रेल्वे म्हटली की समुद्र असणारच असं डोक्यात बसलेलं असतं ना. मग मी बहिणीकडे कुडाळला निघाले होते, खिडकीत बसलेले, पानवलचा पूल गेला, निवसर गेलं, आडवली, विलवडे, नुसते डोंगर, कटिंग, बोगदे, मध्येच एखादं भाताचं खाचर, आणि एकदम डोक्यात आलं की अगं समुद्र आहे कुठे? ही लाइन इथे किती आतून जाते! घरी पोचल्यावर चपला काढायच्या आधी जुन्या पोस्टी शोधल्या, ते वाक्य जसंच्या तसं तिथे होतं.

मग लगेच आरोप केला नाही, माझ्या पात्राकडून एवढंच विचारलं, वकीलसाहेब, समुद्र कुठल्या बाजूला होता हो? उत्तर आलं, उजव्या. दक्षिणेकडे जाताना समुद्र उजवीकडेच, म्हणजे नकाशाने बरोबर, त्यामुळे आमच्यात दोन तट पडले. अर्धे म्हणाले बघ बरोबर सांगतोय. हे इतकं छान रचलं होतं, मला अजून आनंद होतो.

वकिलाचा पार्ट करणारा, कुडाळ

उजवी बाजू मी मुद्दाम लिहिली होती. सूत्रधाराने मला खासगीत सांगितलं होतं की वकील कोकणातला नाही, त्याने कोकण नकाशात पाहिलंय, तू त्या नजरेने लिही.

खुनी होणाऱ्याला माझं सांगणं एकच, खोटं कमी बोला. माझ्या पात्राच्या बहुतेक पोस्टी शंभर टक्के खऱ्या होत्या, खोट्या तेवढ्या मोजक्या, आणि त्या कुठे आहेत याची वही मी ठेवली होती. एडिट नाही म्हटल्यावर आज सहज टाकलेला शब्द महिन्याभराने गळ्याशी येतो. आमच्याकडे दशावतारात संहिता हातात नसते, कथा ठरलेली असते आणि संवाद उभ्या उभ्या सुचतात, समोरच्या राजाने काय टाकलं त्यावर आपण काय उचलायचं ते रंगात असताना ठरतं. हा खेळ मला तसाच वाटला, फक्त इथे विचार करायला रात्र मिळते आणि ती रात्र समोरच्यालाही मिळते हे विसरायचं नाही.

निवृत्त रेल्वेवाला, चिपळूण

मी खेळलो नाही, पण सूत्रधार मला मधून मधून विचारत असत म्हणून लिहितो. रेल्वेवर रहस्य रचणाऱ्याने आधी रेल्वे बघावी असं माझं कळकळीचं मत आहे, कारण वाचणाऱ्यात एक तरी रेल्वेचा माणूस असतोच.

पहिली गोष्ट, बोगद्यात डब्यात अंधार होत नाही, दिवे चालू असतात. बऱ्याच जणांना अंधारात सुरा चालवायचा असतो, ते जमणार नाही. पण बोगदा आवाज देतो. करबुडे साडेसहा किलोमीटरचा आहे, उक्षी आणि भोके यांच्या मध्ये, ताशी ७५ ने गेलात तरी पाच मिनिटांच्या वर लागतात, तेवढा वेळ घरघर भरून राहते आणि फोनची रेंज जाते. आरडाओरडा कोणाला ऐकू येणार नाही, फोन लागणार नाही. हे मी सांगितलं आणि सूत्रधारांनी खुनाची अख्खी रचना त्यावर बदलली.

दुसरी, एका खेळाडूला टपावरून एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जायचं होतं. आमच्या लाइनवर २०२२ पासून पूर्ण विद्युतीकरण आहे, वरच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात, टपावर उभा राहिलेला माणूस पुढच्या स्टेशनाला जिवंत उतरणार नाही. तसंच पानवलच्या पुलावरून, ६४ मीटर उंच आहे तो, सुरा खाली टाकायचा होता त्यांना, पण एसी डब्याच्या खिडक्या बंद काचेच्या असतात, दार उघडावं लागतं, आणि दाराशी अटेंडंट असतो. मग अटेंडंटला कोणी कुठे पाठवलं हा नवीन प्रश्न तयार झाला, आणि तो फार उपयोगी पडला.

तिसरी, क्रॉसिंग. एकेरी लाइनवर समोरून गाडी येत असली की एकीला लूपमध्ये, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, उभं करतात, कधी लहानशा स्टेशनात अर्धा अर्धा तास. पात्रांना प्लॅटफॉर्मवर उतरवून बोलायला लावायचं असेल तर याहून चांगली जागा नाही. रोहा ते वीर आता दुहेरी आहे, तिथे क्रॉसिंगसाठी थांबवू नका.

बोटीवरचा, मूळ देवगड

बोटीवर असतो, नेट कधी मिळेल सांगता येत नाही. मी जर-तर लिहून ठेवायचो, म्हणजे माझ्या पात्राला, कॅप्टनला, वकिलाने बॅगबद्दल विचारलं तर हे उत्तर, डॉक्टरीणबाईंनी विचारलं तर गप्प, कोणीच नाही विचारलं तर स्वतःहून लाउंजमध्ये जाऊन बसेल. एकाच पोस्टमध्ये पाच वाटा. सूत्रधार त्यातली जी लागू पडेल ती वापरायचे, आणि खेळ माझ्यामुळे अडला नाही. शिवाय जो आठवडाभर गप्प आहे त्याचं पात्र केबिन बंद करून झोपलेलं समजायचं, त्याच्यावर आरोप करायचा नाही, त्याला मारायचं नाही, हा नियम होता म्हणून मी निर्धास्त राहू शकलो. तेवढ्यासाठी मनापासून आभार.

मालवणची

मी स्वयंपाकीण होते गाडीवरची आणि मालवणीतच बोलले. पहिल्यांदा विचारलं होतं की चालेल का, तर उत्तर आलं, चालेल काय, हवंच आहे. ‘मी तेका बघूक नाय, माका इचारू नको’ एवढं लिहिलं तरी माझी बाई उभी राहायची, प्रमाण भाषेत ती मला दिसतच नव्हती. ज्यांना वाटतं की आपल्याला लिहिता येत नाही त्यांनी घरच्या बोलीत लिहून बघा.

चाकरमानी, वाशी, गाव गुहागर

गणपतीत काय केलंत ते कोणी लिहिलं नाही. आम्ही सगळे गावाला, कोणाला फोन हातात घ्यायला वेळ नाही.

सूत्रधार, रत्नागिरी

हो, राहिलं ते. वैभववाडीच्या पुढे दरड पाडली. पावसाळ्यात इथे गाड्या तशाही सावकाश चालतात, वेळापत्रकच वेगळं असतं, त्यामुळे कोणाला खोटं वाटलं नाही. विसर्जनानंतर ज्यांना जमेल त्यांनी अडकलेल्या गाडीतली एक रात्र लिहायची एवढंच काम दिलं. खेळातल्या सगळ्यात चांगल्या पोस्टी त्या रात्रीच्या आहेत, कारण कोणाला कुठे जायचंच नव्हतं, लोक बसून बोलले.

शिक्षिका, सावंतवाडी

मी हे वाचून शाळेत आठवीच्या मुलांसाठी छोटा खेळ केला, वर्गात एक वही फिरवायची, रोज एका गटाने पान लिहायचं. खून नाही ठेवला, चोरी ठेवली. गाडीत राजघराण्यातला दशावतारी गंजिफांचा संच चाललाय, गंजिफा म्हणजे आपल्या इथले गोल, हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात १२ पानं, म्हणजे १२० असायला हवीत आणि मोजली तर ११९. कुठलं पान गेलं हेच शोधायचं. मुलांना अवतारांचा क्रम लावावा लागला, प्रत्येक रंगात राजा आणि वजीर असतो हे शोधावं लागलं, एका गटाने तर घरी आजोबांना विचारून पुठ्ठ्याचा सगळा संच कापून आणला.

सूत्रधारांचा एक सल्ला मी तंतोतंत पाळला. जे कळलंच पाहिजे ते एकाच ठिकाणी लपवायचं नाही, निदान तीन ठिकाणी ठेवायचं, आणि ते मिळेल की नाही हे फाशावर सोडायचं नाही, शोधणाऱ्याला मिळालंच पाहिजे. एका पानावर लाखेचा रंग, अटेंडंटचं बोलणं आणि पेटीच्या झाकणावरचा नखाचा ओरखडा, तीन गट तीन बाजूंनी वराहाच्या वजिराशी येऊन पोचले. जो मुलगा वर्गात तोंड उघडत नाही त्याने सलग दोन पानं लिहिली. ती वही मी जपून ठेवलीय.

आंबेवाली, रत्नागिरी

सूत्रधार, पुढची गाडी कधी?

सूत्रधार, रत्नागिरी

आंब्याचा सीझन संपला की, आधी कोणाला वेळ नाही. या वेळी उलट्या दिशेने, मडगावहून मुंबईकडे. गार्ड, डॉक्टर आणि तिकीट तपासनीस ही पात्रं अजून मोकळी आहेत, ज्याला हवं त्याने इथेच सांगा, आणि चिपळूणवाले काका, या वेळी तुम्ही खेळायचंच, गार्ड तुमच्यासाठीच ठेवलाय.