मदत हवी आहे: ईशान्य इंग्लंडमधल्या नॉर्थम्बरलंडचे किल्ले, सोबत आई-बाबा

मे महिन्यात आई-बाबा पुण्याहून येतायत. न्यूकॅसलहून दोन दिवस गाडीने फिरायचंय. बॅम्बरो आणि वॉर्कवर्थ नक्की, पण माझा जीव अडकलाय डन्स्टनबरोत. लँकेस्टरचा अर्ल थॉमस याने १३१३ साली बांधायला घेतलेला किल्ला. आता समुद्राकाठी भग्न दरवाजा आणि पडक्या भिंती. अडचण अशी की गाडी क्रास्टर गावात ठेवून पुढे दोनेक किलोमीटर चालावं लागतं. बाबा सिंहगड चढणारे गडी, पण आईचे गुडघे कुरकुरतात. वाट तिला झेपेल का?

दुसरं, लिंडिसफार्न बेटाचा रस्ता भरतीत पाण्याखाली जातो. ओहोटी साधून ते बेट आणि बॅम्बरो एकाच दिवशी जमतं का? अ‍ॅनिक किल्ला गाळला तर फार हळहळ वाटेल का? वयस्कर मंडळींना घेऊन गेलेल्यांनी जरूर सांगा.