अनुभव धागा (एप्रिल २०१४): वॉच डॉग्जची वाट बघताना, बेळगाव-निपाणी-खानापूरकडून

टिळकवाडीकर:
मंडळी, तारीख पक्की झाली! वॉच डॉग्ज हा व्हिडिओ गेम २७ मे २०१४ ला येतोय. खरं तर गेल्या १९ नोव्हेंबरलाच यायचा होता. दिवाळीच्या ओवाळणीचे पैसे त्यासाठी ठेवायचे असं इथल्या कितीतरी पोरांनी ठरवलं होतं. ऑक्टोबरात, अगदी तोंडावर आलेला असताना, तो बनवणाऱ्या युबिसॉफ्ट कंपनीने पुढं ढकलला. वाईट वाटलं, पण अर्धाकच्चा हातात पडण्यापेक्षा उशीर परवडला, हे माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शहर शिकागो. तिथले सिग्नल, उघडझाप करणारे पूल, वीज, कॅमेरे, लोकांचे मोबाईल, सगळं एकाच यंत्रणेला जोडलेलं. यंत्रणेचं नाव सीटीओएस, ती बनवणारी कंपनी ब्लूम. आपण एडन पिअर्स व्हायचं आणि हातातल्या फोनवरून ही यंत्रणा फोडायची, म्हणजे हॅक करायची. जून २०१२ मध्ये ई-थ्रीला, म्हणजे अमेरिकेतल्या गेमच्या मोठ्या प्रदर्शनात, गेम पहिल्यांदा दाखवला, तो प्रसंग मला तोंडपाठ आहे. एडन एका कलादालनात शिरतो, आतल्या सगळ्यांचे फोन बंद पाडतो. मग रस्त्यावर येऊन चौकातले सिग्नल एकदम फिरवतो आणि गाड्या एकमेकींवर आदळतात. पण माझा जीव अडकला तो दुसऱ्याच गोष्टीत. रस्त्यानं जाणाऱ्या कुणावरही फोन धरला की त्याचं नाव, कामधंदा, कमाई आणि एखादी खासगी बाब पडद्यावर येते. बाकीच्या गेममध्ये रस्त्यावरची माणसं म्हणजे नुसती गर्दी. इथं प्रत्येकाच्या मागं काहीतरी आहे.

आणि बरोबर वर्षानं, जून २०१३ मध्ये, अमेरिकेच्या गुप्तचर खात्यासाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेननं तिथल्या सरकारची लोकांवरची पाळत जगासमोर मांडली. त्यानंतर हा गेम नुसती करमणूक म्हणून बघणं मला तरी जमलेलं नाही.

ट्रेलर कसा वाटला ते इथं नको, ते सगळीकडे चाललंय. तुम्ही या गेमची वाट का बघताय ते लिहा. आपल्या भागात राहताना कॅमेरा, मोबाईल, नोंदवही, कुणाची नजर, असं काही तुमच्या वाट्याला आलं असेल तर तेही लिहा.

कॅफेवाले_शहापूर:
नोंदवही म्हणालात म्हणून आधी मी लिहितो. माझा सायबर कॅफे आहे. २०११ च्या केंद्राच्या नियमांनुसार ओळखपत्र बघितल्याशिवाय कुणाला मशीनवर बसवता येत नाही. कोण आला, कुठल्या मशीनवर बसला, किती वाजता आला, कधी उठला, सगळं लिहायचं आणि निदान एक वर्ष सांभाळायचं. बसायच्या कप्प्यांच्या फळ्या जमिनीपासून साडेचार फुटांपेक्षा उंच चालत नाहीत. कप्पे नसतील तर स्क्रीनची तोंडं बाहेरच्या बाजूला हवीत. माझ्याकडं आधीच्या फळ्या उंच होत्या, सुतार बोलावून कापून घेतल्या. कापलेल्या कडांना अजून पॉलिश नाही, पोरं त्यावर पेननं नावं कोरून जातात. आता गल्ल्यावर बसलं की प्रत्येकाचं डोकं दिसतं.

वॉच डॉग्जचा ट्रेलर बघायला चार-पाच पोरं एकाच मशीनवर वाकून बसलेली असतात. त्यातला एक मला म्हणाला, "अण्णा, तुमची ही वही म्हणजे सीटीओएसच की हो." मी त्याला सांगितलं, वहीत काय लिहिलंय यापेक्षा वही कुणाच्या हातात जाते ते महत्त्वाचं. एकदा ओळखीतलेच एक गृहस्थ आले होते. मुलगा इथं येतो का, किती वेळ बसतो, वही दाखवा म्हणाले. मी दाखवली नाही. तपासणीचा अधिकार असलेला अधिकारी आला तर त्याला दाखवीन, शेजारीपाजारी मागतो म्हणून नाही. ते रागावून गेले, अजून बोलत नाहीत. पण त्या पोरानं माझ्याकडं ओळखपत्र दिलं ते माझ्या भरवशावर दिलं होतं ना?

तिसऱ्या_वर्षाची:
मी इंजिनिअरिंगला आहे, व्हीटीयूची, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाची. गेम लहानपणापासून खेळते, भावाच्या आधी माझा नंबर असायचा.

आमच्या गल्लीला कॅमेऱ्याची कधी गरजच पडली नाही. कॉलेज सुटल्यावर मैत्रिणीबरोबर किर्लोस्कर रोडला पुस्तकं बघत थांबले, तर मी घरी पोचायच्या आत आईला फोन गेलेला असतो: "तुमची पोरगी दिसली हो, कुणाशी तरी बोलत उभी होती." कुणाशी तरी म्हणजे पुस्तकाच्या दुकानदाराशी. मग दारातच विचारणा, "कुठं होतीस गं?" प्रश्न काळजीचा असतो हे मला कळतं. पण उत्तर आधीच घरी पोचलेलं असतं, माझ्याकडून फक्त ते जुळतंय का एवढं तपासलं जातं. पोरांना हे कुणी विचारत नाही, भावाला तर नाहीच.

म्हणून फोन माझ्या हातात असलेलं शहर मला हवंय. कॅमेऱ्यातून कॅमेऱ्यात उडी मारत जायचं, कोण कुठं बघतोय ते आपल्याला आधी कळायचं, ते दाखवलेलं मी कितीदा तरी बघितलंय.

पण एक गोष्ट मला खटकते. लोकांच्या घरातले कॅमेरे फोडून आत डोकावता येतं, असंही दाखवलंय. एखादी बाई आपल्या स्वयंपाकघरात एकटी बोलतेय आणि एडन बघतोय. ते नुसतं मजेसाठी ठेवलं असेल तर माझी निराशा होईल. मला ते बघताना अस्वस्थ वाटायला हवं, आपण त्या फोन करणाऱ्या काकूंच्या जागी बसलोय असं वाटायला हवं. तेवढं जमलं तर हा गेम मोठा.

कोगनोळी_नाका:
आमच्याकडं थोडक्यात. १७ एप्रिलला मतदान आहे, त्यामुळं हायवेच्या चेकपोस्टला गाड्या थांबवून डिकी उघडतात आणि शेजारी एकजण व्हिडिओ काढत उभा असतो. निवडणुकीत पैसा जाऊ नये म्हणून आहे, बरोबरच आहे ते. पण आम्ही कोल्हापूरला बाजाराला जाणारी माणसं, दर वेळी पिशवीतली भाजीसुद्धा शूटिंगमध्ये. या सगळ्या व्हिडिओंचं पुढं काय होतं, हा प्रश्न मला या गेममुळंच पडायला लागला.

निपाणीची:
माझ्या आईबद्दल लिहिते.

आई लहान वयापासून विड्या वळते. मांडीवर सूप, त्यात कात्रीनं मापात कापलेली तेंदूची पानं आणि जर्दा. पान घ्यायचं, जर्दा पसरायचा, वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड बोटानं मुडपून आत दाबायचं. बोलता बोलता हात चालूच. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं. इतकी वर्षं हेच केल्यावर अंगठा आणि पहिली दोन बोटं अशी गुळगुळीत झालीत की उजेडात धरली तर चमकतात.

बोटांचे ठसे घेऊन ओळखपत्र काढायचं शिबिर लागलं तेव्हा मी तिला घेऊन गेले. काचेवर बोटं ठेवली, यंत्रानं घेतली नाहीत. तिथल्या मुलानं ओल्या फडक्यानं बोटं पुसली, परत ठेवायला लावली. "मावशी, जरा जोरात दाबा." आई जोरात दाबत होती, नखं पांढरी होईपर्यंत. मागं रांग होती, रांगेतल्या निम्म्या बायका विडी वळणाऱ्याच. कुणी हसलं नाही, सगळ्या आपापली बोटं बघत उभ्या होत्या. शेवटी डोळ्यांची छबी घेतली, ती लगेच आली. त्या मुलानंही सांभाळून घेतलं, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही.

घरी येताना आई म्हणाली, "मी हाय की इथं, त्या डब्याला दिसत न्हाई म्हणून काय झालं?"

मी वॉच डॉग्जची वाट बघतेय ती या वाक्यामुळं. शिकागोत रस्त्यानं जाणाऱ्या बाईवर फोन धरला की तिची माहिती येते. ती माहिती कुणीतरी लिहिलेली असते. माझ्या आईवर कुणी फोन धरला तर काय येईल? काम: विडी कामगार. कमाई: इतकी इतकी. आणि खासगी बाब? आई एकही दिवस शाळेत गेली नाही आणि तिनं तीन मुलींना पदवीपर्यंत शिकवलं, हे त्या यंत्राला कुठून कळणार? त्या गेममध्ये माणसांविषयी काय लिहायचं ठरवलंय, ते मला एकेक करून वाचायचंय. गोळीबार माझ्याकडून कमीच होईल.

उद्यमबाग_पाळी:
निपाणीची, तुमचं लिखाण वाचून काम सोडून बसलो होतो.

मी फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, पीएलसी बघतो. पीएलसी म्हणजे भट्टी, पंप, कन्व्हेयर यांना कधी चालू, कधी बंद हे सांगणारा छोटा संगणक. त्यामुळं गेममधली एक गोष्ट मला जवळची आहे. कथेत सीटीओएस उभारायचं कारण दिलंय २००३ सालचा वीजपुरवठा कोसळणं. ते अंधारपर्व खरं आहे. १४ ऑगस्ट २००३ ला अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडातलं ओंटारियो मिळून जवळपास ५ कोटी लोक अंधारात गेले. गेम म्हणतो हे हॅकरनं केलं. प्रत्यक्षात ओहायोत भाराखाली तारा खाली झोल खाऊन झाडांना टेकल्या, आणि नियंत्रण कक्षातल्या धोक्याच्या सूचना देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दोष होता, ते गप्पच बसलं. समोर बसलेल्या माणसांना आपल्या तारा एकामागून एक सुटताहेत हे कळलंच नाही. माझ्या मते हे हॅकरपेक्षा भयंकर आहे. शत्रू कुणी नव्हता, तरी पडदा खोटं सांगत राहिला.

आपल्याकडचं बघा. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर भारताची ग्रिड, म्हणजे वीजवाहिन्यांचं जाळं, आणि दुसऱ्या दिवशी पूर्व-ईशान्येचीही कोसळली तेव्हा आपण सुटलो, कारण दक्षिणेची ग्रिड वेगळी होती. गेल्या ३१ डिसेंबरला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाईन सुरू झाली आणि दक्षिणही देशाच्या ग्रिडला एका लयीत जोडली गेली. फायदा आहेच, विजेची देवाणघेवाण सोपी होते. पण जोडलं की सगळं जोडलं जातं, चांगलंही आणि बिघाडही. पाळीवर भट्टीत लोखंड वितळलेलं असताना लाईट गेली तर काय होतं ते उद्यमबागेच्या कारखान्यांत कुणालाही विचारा. गार झालेला रस आतच घट्ट धरतो, मग अस्तर फोडून काढायचं. गेममध्ये एक बटण दाबून अख्ख्या वस्तीची वीज घालवता येते म्हणे. मी ते बटण दाबणार, पण दाबताना कुणाची तरी भट्टी चालू असेल हे माझ्या डोक्यात राहणार.

हॅकिंग अगदीच हवेतलं वाटू नये म्हणून युबिसॉफ्टनं संगणक सुरक्षेचं काम करणाऱ्या कॅस्परस्की लॅबच्या तज्ज्ञांकडून ते तपासून घेतलंय, हे वाचून बरं वाटलं.

बाची_ते_शिनोळी:
आमचा अनुभव टॉवरचा. मी रोज बेळगावहून चंदगड रस्त्यानं येतो. तुरमुरी, बाची, मग शिनोळी. दोन्हीकडं तीच भाषा, तीच भातशेती, सोयरीक इकडची तिकडं. माझी आत्या शिनोळीत, आम्ही बाचीत. पण फोनला सीमा पक्की माहीत. शिनोळीच्या अलीकडं मेसेज टिंग करून येतो, महाराष्ट्रात स्वागत आहे, रोमिंगचे दर असे असे. आत्याच्या पडवीत बसलं तर महाराष्ट्र, परड्यात गेलं तर कधीकधी परत कर्नाटक. रोमिंगमध्ये आलेल्या फोनलाही पैसे पडतात, त्यामुळं आत्याकडं बसलेलं असताना फोन उचलायचा का नाही हा विचार आधी.

म्हणजे मी कुठं उभा आहे हे कुणाला तरी मिनिटामिनिटाला कळतं, हे मला कुठल्या पुस्तकातून शिकावं लागलं नाही. गेल्या वर्षी युबिसॉफ्टनं वुई आर डेटा नावाचं एक संकेतस्थळ काढलं होतं. पॅरिस, लंडन आणि बर्लिनच्या नकाशावर सिग्नल, एटीएम, कॅमेरे, लोकांचे ट्विट, सगळी उघड उपलब्ध असलेली माहिती मांडली होती. मी ते बघताना शिनोळीचा टॉवर कुठं बसेल ते शोधत होतो.

दहावी_झाली:
माझी परीक्षा संपली. लॅपटॉपमध्ये २ जीबी रॅम आहे. चालेल काय?

टिळकवाडीकर:
नाही रे बाळा. पीसीला ६४ बिट विंडोज, चार कोअरचा प्रोसेसर आणि किमान ६ जीबी रॅम लागणार. पीएस३ आणि एक्सबॉक्स ३६० या गेमच्या यंत्रांवर पण येतोय. पीएस४ जानेवारीत आपल्याकडं ३९,९९० ला आला, तो सध्या आपल्यातल्या बहुतेकांच्या आवाक्याबाहेर. आणि मुख्य म्हणजे हा गेम १८ वर्षांवरच्यांसाठी आहे. युरोपात तसा शिक्का मारलाय, अमेरिकेतही १७ च्या पुढच्यांनाच. तू ट्रेलर बघ, या धाग्यावर वाच, गेम थांबेल.

खानापूर_पालक:
मी खेळत नाही, मुलगा अकरावीला जाईल, तो खेळतो. हा धागा त्यानंच दाखवला. हिंसा असलेले गेम मला पटत नाहीत आणि वरच्या उत्तराबद्दल आभार. पण निपाणीच्या ताईंचं वाचल्यावर त्याच्याशी तासभर बोलणं झालं, बऱ्याच महिन्यांनी. त्यानं मला माझ्याच फोनमधली लोकेशनची सेटिंग दाखवली. ती चालू होती. मी कुठं कुठं जातो ते सगळं. बंद कशी करायची ते त्यानंच शिकवलं.

तिसऱ्या_वर्षाची:
ऑनलाइनबद्दल कुणीच लिहिलं नाही. दुसरा खेळाडू गुपचूप आपल्या शिकागोत शिरू शकतो आणि गर्दीतला एक होऊन आपल्या मागं फिरतो. तो आपली माहिती काढत असतो, आणि आपण त्याला हुडकायचं. ई-थ्रीच्या त्या पहिल्या प्रसंगाच्या शेवटीही दुसराच कुणी एडनवर नजर ठेवून असतो. माझ्यासाठी पूर्ण गेम तिथं आहे. घरच्या नेटच्या डोंगलवर ते चालेल का, हीच धाकधूक.

कॅफेवाले_शहापूर:
डोंगलवर नको, अडकत राहील. माझ्याकडं ब्रॉडबँड आहे. दोन मशीन ८ जीबीची करून घेतोय, ग्राफिक्स कार्डसकट, मेच्या पहिल्या आठवड्यात होतील. १८ खालच्यांना त्यावर बसवणार नाही. वेळ आधी सांगून ठेवा, गर्दी होणार.

उद्यमबाग_पाळी:
माझी पाळी दुपारी दोनला सुटते. पहिला दिवस, अडीच ते साडेचार लिहा.

निपाणीची:
माझंही नाव लिहा. सकाळच्या बसनं येईन. दोन तास पुरतील, ओळखपत्र आणते.