अँबेसेडर मार्क ४: स्टार्टरच्या वरच्या बोल्टवर पाना फिरत नाही

मानेवाडा_८६:
बाबांची १९८६ ची पेट्रोल अँबेसेडर आहे. आठवडा झाला, किल्ली फिरवली की नुसता ‘खट्’ आवाज येतो, इंजिन हलत नाही. बॅटरी तीन महिन्यांपूर्वीची, टर्मिनल घासून साफ केले. एका मेकॅनिकनं सांगितलं, स्टार्टर (इंजिन फिरवणारी मोटर) काढायला इंजिन उचलावं लागेल, गाडी दोन दिवस ठेवा. मला पटलं नाही. काल स्वतःच हात घातला. खालचा बोल्ट सैल झाला. वरचा मात्र डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना करंट वाटणारा भाग) आड असा लपलाय की हात पोचतो, पाना फिरत नाही. त्यात १५ चा पाना घसरून बोल्टची एक कड गेली. माझ्या जन्माच्या वेळी आईला याच गाडीतून मेडिकल हॉस्पिटलला नेलं होतं. गाडी बिघडवायची नाही, म्हणून विचारतो.

इतवारी_भाऊ:
भाऊ, आधी एक सांग. हेडलाइट लावून किल्ली मारली तर लाइट मंद होते का तसाच राहते? तसाच राहत असन तर करंट स्टार्टरपर्यंत पोचूनच नाही राहिला. इंजिन अन् बॉडीच्या मधातली अर्थिंगची पट्टीही पाय. माह्या गाडीत ते सडली होती, तर सारा करंट चोकच्या केबलमधून जाऊन राहिला होता. केबलले हात लावू देत नव्हती, एवढी गरम.

मानेवाडा_८६:
लाइट एकदम मंद होतात. पट्टी चांगली आहे.

जुना_मिस्त्री:
मंद होतात म्हणजे करंट जातोय, मोटर अडकली आहे. बहुतेक पिनियन (स्टार्टरचं छोटं दातेरी चाक) फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनच्या मोठ्या चाकाच्या, दात्यांत रुतलंय. बोल्टच्या आधी हे करा: किल्ली बंद, चौथा गिअर, आणि सपाट जागी गाडी मागे-पुढे ढकला. सुटलं तर लगेच कळेल.

तरीही काढायचा झाला तर ऐका. पंचवीस वर्षं मी अँबेसेडरच उघडल्या, टॅक्सीच्या जास्त. स्टार्टरसाठी इंजिन एकदाही उचललं नाही. हे बोल्ट इंची आहेत, नऊ-सोळाचा (९/१६ इंच) पाना लागतो. १४ चढत नाही आणि १५ कड खातो, तुमचं तेच झालं. आदल्या रात्री बोल्टवर तेल सोडून ठेवा. सकाळी पहिल्यांदा बॅटरीची अर्थिंगची केबल काढा. मग डिस्ट्रिब्युटर बाहेर घ्या, घाबरू नका. फक्त क्लॅम्पचा आडवा बोल्ट सैल करू नका, ठिणगीचं टायमिंग हलतं. क्लॅम्पची प्लेट ब्लॉकला दोन स्क्रूंनी धरलेली असते, ते दोनच काढा आणि क्लॅम्पसकट वर ओढा. प्लगच्या वायरींना नंबर घाला. शाफ्टच्या खालची जीभ मध्यावर नसते, जराशी एका बाजूला असते, त्यामुळे परत बसवताना तो उलटा बसतच नाही. उघड्या भोकात स्वच्छ चिंधी कोंबा. तिथून वॉशर आत पडला तर इंजिनखालचं तेलाचं चेंबर उतरवायची पाळी येईल.

आता बोल्ट समोर दिसेल. कड गेली आहे, म्हणून सहा कोनी सॉकेट ठोकून बसवा, बारा कोनी नको. शेवटचा बोल्ट निघताना एक हात स्टार्टरखाली ठेवा, चांगला जड आहे. आणि नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरू नका, घोड्या (स्टँड) लावा. हे मी हात जोडून सांगतो.

बेंडिक्स (पिनियन पुढे सरकवणारा भाग) रॉकेलनं धुऊन कोरडा ठेवा. ग्रीस लावलं की क्लचची धूळ त्याला चिकटते आणि पिनियन पुन्हा अडकतं.

मानेवाडा_८६:
काका, चौथ्या गिअरमध्ये ढकलल्यावर सुटलं, पण दुपारी परत अडकलं. मग काढलाच. सकाळी सहाला बसलो, ऊन चढायच्या आत, नऊला स्टार्टर हातात होता. बेंडिक्सवर काळा चिकट थर, कोणीतरी ग्रीसच भरलं होतं. मोटरचे कार्बन ब्रशही पार झिजलेले. नवीन आणले, टाकून घेतो. एकच शंका: फ्लायव्हीलच्या काही दात्यांचे कोपरे झिजलेत, तेही समोरासमोर दोनच जागी. चालेल?

जुना_मिस्त्री:
चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुतेक त्याच दोन जागी थांबतं, म्हणून तिथलेच दाते झिजतात. पिनियन धरतंय तोवर चालवा. पुढे क्लचच्या कामाला गिअरबॉक्स उतरवाल तेव्हा फ्लायव्हीलची दातेरी रिंग तापवून काढा आणि पाव फेरी फिरवून बसवा.