नीत्शे आडनाव आणि ‘पोलिश उमराव’: तीच गोष्ट पुन्हा का पसरवायची?

शब्दपारखी (धागाकर्ता)

काल इथेच जर्मन तत्त्वज्ञ फ्रीडरिश नीत्शेवरची एक पोस्ट वाचली. त्यात लिहिलंय, “नीत्शे हे अत्यंत दुर्मीळ आडनाव. मूळ पोलिश ‘नित्स्की’. धर्मासाठी परागंदा झालेल्या उमरावाचा हा वंशज, म्हणूनच त्याला जर्मनांचा इतका तिटकारा.” खाली ‘छान माहिती’, ‘जपून ठेवतो’ अशा प्रतिसादांची रांग. मी गप्पच बसणार होतो, पण माझ्या जर्मनच्या वर्गातली मुलं हेच उत्तरपत्रिकेत लिहून देतात, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी आडनाव. निकोलाउस या संताच्या नावाचं हे घरगुती रूप आहे. आपल्याकडे नारायणाचा नाऱ्या होतो, तसा निकोलाउसचा निक, मग नित्स, आणि त्याला स्लाव वळणाचा लाडाचा प्रत्यय लागून नित्शे. सॅक्सनी, लाउझिट्स, सायलेशिया या पूर्वेकडच्या पट्ट्यात जर्मन आणि (पोलिश, सॉर्ब अशा) स्लाव भाषा शेकडो वर्षं शेजारी नांदल्या. हे नाव तिथलं. सायलेशियात ‘नित्शे’, ‘नित्श्के’ अशी रूपं रुळली, सॅक्सनीत मधे झेड घुसला. टी-झेड-एस-सी-एच ही सलग पाच अक्षरं म्हणजे त्या भागातल्या लेखनिकांची खूण. लाइपझिगजवळचं डेलिच आणि ड्रेस्डेनचा विमानतळ आहे ते क्लोचे, दोन्हींच्या स्पेलिंगमध्ये हीच पाच अक्षरं सापडतील. कानाला येणारा स्लाव ‘च’ कागदावर कसा उतरवायचा, यावर त्यांनी काढलेला तो तोडगा.

दुर्मीळ आहे ते आय-ई घालून केलेलं हे एक स्पेलिंग. सगळी भावंडं मोजलीत तर पूर्व जर्मनीत हे नाव अजिबात दुर्मीळ नाही. १ जानेवारी १८७६ पासून अख्ख्या जर्मन साम्राज्यात जन्म-लग्न-मृत्यूची नोंद सरकारी दप्तरात होऊ लागली, तेव्हा कुठे स्पेलिंग पक्की झाली. तोवर पाद्री कानाला येईल तसं लिहीत.

आता कूळ. वडील ऱ्योकन गावचे लुथरन पाद्री. आजोबा आयलेनबुर्गचे वरिष्ठ धर्माधिकारी. पणजोबा बिब्राला अबकारी खात्यात. आईचे वडीलही पाद्रीच. माक्स ओएलर या आईकडच्या नातलगाने, जो वायमारच्या नीत्शे संग्रहालयाचं काम पाहत होता, चर्चच्या वह्या धुंडाळून वंशावळ लावली. लग्न होऊन आलेल्या बायकांच्या माहेरांसकट सगळी नावं जर्मन निघाली. उमराव कुठेच नाही.

नावाचं मूळ स्लाव असू शकतं आणि माणूस तरीही पिढ्यान्‌पिढ्या जर्मन पाद्र्यांच्या घरातला असू शकतो. या दोन गोष्टी एकमेकींत कालवू नका, एवढंच माझं म्हणणं आहे.

मावळतीचा वारा

ती पोस्ट माझी. नाव घेऊन लिहिलं असतं तरी चाललं असतं.

मी हवेत काही सोडलेलं नाही. १० एप्रिल १८८८ रोजी डॅनिश समीक्षक गेओर्ग ब्रांडेसना लिहिलेल्या पत्रात नीत्शे स्वतः सांगतात की माझे पूर्वज पोलिश उमराव होते. नीस शहराच्या पाहुण्यांच्या यादीत आपली नोंद पोलिश म्हणून झाली, परदेशात लोक आपल्याला पोलिश समजतात, हेही त्याच पत्रात आहे. त्याच वर्षी लिहिलेल्या ‘एक्के होमो’ या आत्मचरित्रात तर ते अस्सल पोलिश उमराव म्हणवून घेतात. स्वतःबद्दल माणूस जे सांगतो त्याला काहीच किंमत नाही? तुम्ही त्यांच्या घरी जाऊन आलात?

आमचे आजोबा सांगायचे की आपण मूळचे उत्तरेतले, दोन भाऊ घोड्यावरून आले आणि एक नदीकाठी राहिला. कागद एकही नाही. म्हणून आजोबा खोटारडे होत नाहीत. घरात चालत आलेली गोष्ट ही सुद्धा एक नोंद असते. चर्चच्या वहीत नाही ते घडलंच नाही, हा हट्ट मला मान्य नाही.

शब्दपारखी

तुमच्या आजोबांबद्दल मी एक शब्द बोललेलो नाही, त्यांना यात ओढू नका.

१८८८ चं पत्र मीही वाचलंय. ते लिहिणारा माणूस कोण? १८६९ साली चोविसाव्या वर्षी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला प्राध्यापक म्हणून जाताना प्रशियाचं नागरिकत्व सोडलेला, बिस्मार्कच्या जर्मनीवर भडकलेला, आई-बहिणीशी बिनसलेला. बहिणीचा नवरा बर्नहार्ड फ्योर्स्टर, ज्यूद्वेष्टा, पॅराग्वेत ‘शुद्ध’ जर्मनांची वसाहत काढायला गेलेला. अशा वेळी ‘मी तुमच्यातला नाहीच’ असं म्हणावंसं वाटणं मला पूर्ण समजतं. त्या वाक्यातून त्याचा राग कळतो. पणजोबांचा पत्ता कळत नाही.

आणि पोलिश गोष्ट सुचायला कारणही होतं. सॅक्सनीचा शासक ऑगस्ट हा १६९७ मध्ये पोलंडचा राजा झाला. ड्रेस्डेनच्या दरबारात पोलिश सरदारांची ये-जा असायची. त्या भागातल्या घरात अशी आख्यायिका जन्माला येणं अगदी साहजिक.

लिंडेनछाया

लाइपझिगमधून लिहितोय. शब्दपारखी, वंशावळीबद्दल तुमचं बरोबर असेल, पण तुम्ही एक गोष्ट सोयीस्करपणे गाळलीत. ओएलरचं काम १९३० च्या दशकातलं. म्हणजे ज्या काळात प्रत्येकाला आजा-पणजांचे दाखले काढून आपण ‘आर्य’ आहोत हे सिद्ध करावं लागत होतं. त्या काळात नाझींना जवळच्या संग्रहालयाने नीत्शेंचे सगळे पूर्वज जर्मन असल्याचं जाहीर केलं, आणि तुम्ही ते जसंच्या तसं पुढे ठेवता? याच काळात लाउझिट्समधल्या सॉर्ब, म्हणजे तिथल्या स्लाव लोकांच्या, गावांची नावं पुसून जर्मन नावं दिली गेली. १९३७ मध्ये सॉर्बांच्या दोमोविना या संघटनेवर बंदी आली. स्लाव असणं झाकायची अख्खी यंत्रणा उभी होती.

आमच्या शहराचं नावच लिंडेनच्या झाडावरून पडलंय, स्लाव भाषेतून. केमनिट्स म्हणजे खडकाळ ओढा, तेही स्लाव. ‘सगळी नावं जर्मन’ हे वाक्य इथे उभं राहून ऐकायला विचित्र वाटतं. खुद्द नीत्शे हे नावच तुमच्या म्हणण्याप्रमाणे स्लाव वळणाचं आहे ना?

शब्दपारखी

मुद्दा वजनदार आहे, ओएलरच्या काळाबद्दल सावध राहायलाच हवं. पण पोलिश उमरावाची गोष्ट हान्स फॉन म्युलर यांनी त्याच्या कितीतरी आधी खोडून काढली होती, नाझींचा मागमूस नव्हता तेव्हा. बाप्तिस्म्याच्या वह्या तर त्याहून जुन्या. आणि ‘स्लाव वळणाचं नाव’ आणि ‘पोलिश उमराव’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. लाउझिट्सच्या शेतकऱ्यांना उमरावपद कोण देत होतं?

नेकरकाठ

थोडं विषयाबाहेर जातेय, पण १८७६ च्या दप्तराचं वाचलं आणि राहवलं नाही.

मी बरीच वर्षं श्टुटगार्टजवळ राहते. भारतीय पासपोर्टवर माझ्या नावापुढे नवऱ्याचं नाव होतं, दोन्ही एकाच रकान्यात. इथल्या दप्तराला मधलं नाव हा प्रकारच माहीत नाही. त्यांच्या लेखी ती दोन्ही माझी स्वतःची नावं. आरोग्य विम्याच्या कार्डावर जागा पुरली नाही म्हणून माझंच नाव अर्धं कापलंय आणि नवऱ्याचं पूर्ण छापलंय. दवाखान्यात नर्स बाहेर येऊन नवऱ्याच्या नावाने पुकारते आणि मी उठते तेव्हा कागदाकडे बघते, माझ्याकडे बघते, पुन्हा कागदाकडे. मुलाच्या जन्मदाखल्यावर आईच्या नावात बापाचं नाव आहे. एका कार्यालयात तर मला सांगितलं की हे बदलायचं असेल तर ‘सबळ कारण’ द्या. मी बाई आहे आणि हे पुरुषाचं नाव आहे, हे सबळ कारण नाही?

नीत्शेंच्या स्पेलिंगवर तुम्ही इतकं लिहिताय. आमच्या जिवंत माणसांच्या नावाचं काय?

सरळसोट

ताई, त्यांच्या देशात राहायचं तर त्यांचे नियम. आपल्याकडे येणाऱ्या जर्मन माणसाला आपण त्याच्या सोयीचा फॉर्म देतो का? पासपोर्ट काढतानाच मधलं नाव वगळायचं होतं. मी वगळलं, मला काही त्रास नाही.

नेकरकाठ

तुम्हाला त्रास नाही कारण तुमच्या मधल्या नावाने तुम्हाला कुणी बाई समजत नाही. पासपोर्ट काढला तेव्हा मी बावीस वर्षांची होते, एजंटने जसा फॉर्म भरला तसा भरला. तेव्हा श्टुटगार्ट नकाशावर कुठे आहे हेही माहीत नव्हतं. नियम पाळते म्हणूनच विचारतेय की नियम काय आहे. शिकवणी नकोय.

सरळसोट

शिकवणी नाही, अनुभव सांगितला. लोकांना सहानुभूतीच हवी असेल तर तसं सांगा.

लिंडेनछाया

सरळसोट, जरा दमानं घ्या. ‘त्यांचे नियम’ म्हणताय, पण त्या नियमांनी त्यांच्याच माणसांना किती पिढ्या अडवलं ते बघा. सॉर्ब भाषेत बाईचं आडनाव वेगळं असतं, लग्न झालेलीला ‘-ओवा’ लागतो. घरात, चर्चमध्ये, थडग्यावर ते चालायचं, सरकारी कागदावर मात्र नवऱ्याचं पुरुषी रूप. सॉर्ब लोक म्हणजे साधारण ६०,०००, या देशातले मान्यताप्राप्त अल्पसंख्याक, जर्मनांच्या आधीपासून इथे राहणारे. त्यांच्या बायकांना ही रूपं कायद्याने मिळाली ती १ मे २०२५ पासून. त्याच सुधारणेत नवरा-बायको दोघांना जोडआडनाव घेता येऊ लागलं. नियम आकाशातून पडत नाहीत, भांडून बदलावे लागतात.

नेकरकाठ, तुम्ही जर्मन नागरिकत्व घेतलंय का? घेतलं असेल तर ‘सबळ कारणा’च्या रस्त्याने जाऊच नका, तो वेगळा आणि अवघड कायदा आहे. नागरी कायद्याच्या प्रास्ताविक संहितेत कलम ४७ आहे, नाव जर्मन पद्धतीशी जुळवून घेण्याचं. जर्मन कायद्यात न बसणारा नावाचा तुकडा गाळण्याची घोषणा नोंदणी कार्यालयात करता येते. खिडकीवर बसलेल्याला ‘नाव बदलायचंय’ म्हणालात की तो तुम्हाला दुसऱ्या खात्यात पाठवतो. कलमाचा आकडा सांगा.

नेकरकाठ

घेतलंय, मागच्या वर्षी. आणि मला कुणीही, अक्षरशः कुणीही, कलम ४७ सांगितलं नव्हतं. धन्यवाद. नवऱ्याला वाचून दाखवलं, तो म्हणतो माझं नाव काढतेस याचा आनंद जरा कमी दाखव.

मावळतीचा वारा

मूळ विषय कुठे गेला? मला अजून उत्तर मिळालेलं नाही. त्या ताईंच्या कार्डावर सरकारने लिहिलेलं नाव त्यांचं नाही असं तुम्ही सगळे एका सुरात म्हणताय. म्हणजे कागद चुकू शकतो. माणूस स्वतः सांगतो तेच खरं. मग नीत्शेंनाच वेगळा न्याय का?

शब्दपारखी

कारण नेकरकाठ आपल्या स्वतःच्या नावाबद्दल सांगताहेत, आणि नीत्शे शे-दीडशे वर्षांपूर्वीच्या पूर्वजाबद्दल. मला काय म्हणायचं हे मी ठरवीन, हा माझा हक्क. माझा खापरपणजोबा कोण होता हे मी ठरवू शकत नाही. नीत्शेंना पोलिश म्हणवून घ्यायचं होतं तर तसं लिहा. त्यांनी आडनावाची खोटी व्युत्पत्ती पुढे केली, ती मात्र खरी म्हणून विद्यार्थ्यांच्या गळी उतरवू नका.

आणि ‘दुर्मीळ आडनाव’ म्हणून नकाशे टाकताना एक लक्षात ठेवा. जर्मन आडनावांचा मोठा नकाशासंग्रह २००५ च्या टेलिफोन जोडण्यांवर उभा आहे. १९४५ नंतर सायलेशिया आणि पूर्वेकडच्या इतर भागांतून १ कोटी २० लाखांच्या आसपास जर्मन हाकलले गेले. त्यांची नित्शे-नित्श्के घराणी आज बायर्नमध्ये आणि ऱ्हाइनकाठी सापडतात. आजच्या ठिपक्यांवरून ‘नाव इथलं’ म्हणून मोकळं होता येत नाही. सायलेशियाच्या जागी नकाशावर आता पोलंड आहे, आणि ते बघूनच अर्ध्या लोकांना हे नाव पोलिश वाटतं.

लिंडेनछाया

हे शेवटचं मात्र पटलं. माझ्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक नित्श्के आजी आहेत, त्यांचं कुटुंब ब्रेसलाउचं, आजचं व्रोत्सवाफ. लहानपणी हातगाडीबरोबर चालत इथवर आल्या. त्यांना कुणी पोलिश म्हटलं की दार आपटतात, आणि कुणी जर्मन म्हटलं की म्हणतात, ‘सायलेशियन म्हणा’.

मावळतीचा वारा

ठीक आहे. पोस्टमधलं ‘वंशज’ काढतो आणि ‘स्वतःला पोलिश उमरावाचा वंशज मानणारा’ असं करतो. ‘नित्स्की’ची ओळही काढतो. ‘खोटी’ हा शब्द मी लिहिणार नाही. आणि तुम्ही वर्गात ते १८८८ चं पत्रही शिकवत जा, नुसत्या वह्या नकोत.

सरळसोट

कलम ४७ साठी घोषणा करताना दोघांनी जावं लागतं का एकट्याने चालतं? बहिणीसाठी विचारतोय, म्युन्शेनला असते. तिच्याही कार्डावर हाच गोंधळ आहे.