मदत हवी आहे : दुसरा भाग अर्ध्यावर अडला आहे, पुढे वाचावा की थेट तिसरा घ्यावा?

वाचनवेडी :
आमच्या सोसायटीतील बारा-तेरा वर्षांच्या मुलांना मी दर रविवारी पुस्तक वाचून दाखवते आणि जिथे अडेल तिथे मराठीत समजावून सांगते. पहिला भाग मुलांनी डोक्यावर घेतला होता. समुद्र, नौका, ड्रॅगन आणि आपणच मोकळ्या सोडलेल्या सावलीचा पाठलाग करणारा तो मुलगा, हे सारे त्यांना मनापासून भावले. दुसरा भाग सुरू केल्यापासून मात्र ‘तो केव्हा येणार?’ एवढेच ऐकावे लागते आहे. मला स्वतःला हा भाग आवडतो आहे, परंतु त्यातील एका प्रकरणाने मीही अस्वस्थ झाले असून ते मुलांसमोर जसेच्या तसे वाचावे की गाळावे, हे ठरवता येत नाही. कृपया रविवारच्या आत सांगावे.

नाखवा :
ताई, आपण मालिकेचे नाव दिलेले नाही आणि लेखकाचेही नाही. ड्रॅगन आणि नौका एवढ्या वर्णनात निम्म्या कादंबऱ्या बसतील. अस्वस्थ करणारे प्रकरण कोणते, हेही कळले तर बरे होईल.

जुनापान :
मालिका कोणतीही असो, दुसऱ्या भागाचा सारांश दहा मिनिटांत सांगून पुढे जावे, असा माझा अनुभव आहे. मुलांचा उत्साह टिकणे अधिक महत्त्वाचे.

वाचनवेडी :
सावली म्हटल्यावर वाचणाऱ्यांना ओळख पटेल, असे वाटले होते. उर्सुला ले ग्विन यांची अर्थसी या कल्पित बेटांवरच्या जादूगारांची मालिका. दुसरा भाग ‘द टूम्ब्स ऑफ अटुआन’. प्रकरण तिसरे, कैद्यांचे.

रानजाई :
मग सारांशाचा सल्ला अजिबात ऐकू नका. पहिला भाग १९६८चा आणि हा १९७१चा. मधल्या काळात लेखिकेने मुद्दामच बाजू बदलली आहे. पहिल्या भागात कारगाड देशाचे लोक सावलीचा पाठलाग करणाऱ्या त्या मुलाच्या, म्हणजे गेडच्या, गावावर चालून आलेले हल्लेखोर होते, तर येथे आपण त्यांच्याच देशात, त्यांच्याच एका मुलीच्या, पुजारीण अर्हाच्या, डोळ्यांनी पाहतो. गेड पाचव्या प्रकरणात येतो आणि तेव्हा आपल्यालाही तो परका, चोर वाटावा, हाच त्या उशिराचा हेतू आहे. जिथे दिवा नेण्याची बंदी आहे आणि जी गुहा अर्हाला केवळ हाताच्या स्पर्शाने ठाऊक आहे, तिथे त्याच्या काठीच्या उजेडात तिला प्रथमच भिंतींवरचे स्फटिक लखलखताना दिसतात. आधीची चार प्रकरणे अंधारात काढल्याशिवाय त्या दृश्याचे मोल कळणार नाही.

जुनापान :
दृश्य सुंदर आहे, मान्य. परंतु पुढे काय होते? इतकी तयारी करून उभी केलेली मुलगी, तो येताच त्याचे बोलणे ऐकत बसते आणि शेवटी त्याच्याच नावेत बसून निघून जाते. तिची सुटका पुरुषानेच का करावी?

रानजाई :
सुटका कोणी कोणाची केली, हे पुन्हा वाचून पाहावे. भुयारातल्या चक्रव्यूहात तहानेने कोसळलेल्या माणसाला पाणी कोण देते? अंधारात वळणे मोजत बाहेरची वाट कोण काढते? तो भूकंप थोपवून धरतो, हे खरे. पण ती नसती तर तो तिथेच संपला असता. गेड ज्याच्या शोधात आला त्या हातातल्या कड्याचे दोन तुकडे जुळतात, तेही एक त्याच्याकडचा आणि एक तिथल्या खजिन्यातला.

उंबरठा :
मुलांना याच मालिकेवरचा, घिबली या जपानी ॲनिमेशन स्टुडिओचा २००६चा चित्रपट दाखवावा. तिथे गेड सुरुवातीपासून आहे.

नाखवा :
विचारले काय आणि सांगता काय! त्या चित्रपटाचा मुख्य आधार तिसरा भाग आहे, त्यात अटुआनचे भुयार सापडणार नाही. आणि २००४ची दूरचित्रवाणी मालिका तर सुचवूही नका. पुस्तकात तांबूस-तपकिरी वर्णाचा असलेला गेड तिथे गोरा केला होता आणि लेखिकेने त्यावर जाहीर नापसंती व्यक्त केली होती.
ताई, थेट तिसरा भाग घेण्यातली अडचण सांगतो. त्या कड्यावर शांतीची हरवलेली रून, म्हणजे मंत्राक्षर, आहे आणि ती नसल्यामुळेच अर्थसीचे सिंहासन इतकी शतके रिकामे राहिले आहे. तिसऱ्या भागातील राजपुत्र आरेनचे महत्त्व याच धाग्यावर उभे आहे. हा भाग गाळला, तर राजाचे येणे मुलांना आयते वाटेल.

वाचनवेडी :
धन्यवाद, पण कैद्यांच्या प्रकरणाबद्दल अजून कोणीच बोललेले नाही.

रानजाई :
ते गाळू नये. तीन माणसांना अन्नपाण्यावाचून मरू द्यावे, असा हुकूम ती मुलगी देते, आणि दुसरी पुजारीण कोसिल शेजारी उभी राहून तिच्याकडून तो वदवून घेते. मात्र त्यानंतर ती आजारी पडते आणि तिला ती माणसे स्वप्नात छळतात, तो भाग त्याच बैठकीत वाचावा. मध्ये आठवड्याचा खंड पडू देऊ नये. समोरचा गेड तहानलेला असताना तिचा हात पाण्याकडे का जातो, याचे कारण तिथेच आहे.

नाखवा :
सहमत. शिवाय भुयारात ती भिंतीवर हात ठेवून वाटांची तोंडे मोजते, ते वाचताना मुलांनाच मोजायला लावावे. बऱ्याच आवृत्त्यांत चक्रव्यूहाचा नकाशा आहे. त्याची मोठी प्रत काढून ठेवावी.

वाचनवेडी :
नकाशाची कल्पना वापरते आणि तिसरे-चौथे प्रकरण एकाच बैठकीत घेते. जुनापान यांचा आक्षेप मात्र मला निम्मा पटतो. पूर्वार्धातली हट्टी, एकटी, अंधारावर राज्य करणारी अर्हा मला उत्तरार्धात टेनार हे मूळ नाव परत मिळालेल्या तिच्यापेक्षा अधिक जिवंत वाटते, आणि तिसऱ्या भागात तिची कथा पुढे सरकतच नाही, याचा रागही येतो.

रानजाई :
त्यासाठी १९९०च्या ‘तेहानू’पर्यंत थांबावे लागेल. तिथे टेनार विधवा शेतकरीण आहे आणि गेडकडे मंत्रशक्ती उरलेली नाही. पण तो भाग या वयाच्या मुलांना वाचून दाखवू नये. त्यातील जळालेल्या मुलीची हकिकत कैद्यांपेक्षा फार जड आहे. आपण एकट्याने वाचावा.

जुनापान :
आणि वाचून झाल्यावर माझा आक्षेप उरतो का, ते इथेच लिहावे.