मदत हवी आहे: टोकियोचं त्सुकिजी होंगान्जी, आईला घेऊन

जय भीम, नमस्कार मंडळी.

एप्रिलमध्ये आईला घेऊन टोकियोला भावाकडे जातेय. तिला एकच ठिकाण नक्की बघायचंय, तिथलं बौद्ध विहार त्सुकिजी होंगान्जी. विहार मूळचं 1617 सालचं, पण आगीत एकाहून जास्त वेळा गेलं, शेवटचं 1923 च्या भूकंपानंतर. आत्ताची काँक्रीटची इमारत 1934 ची. वास्तुकार इतो च्युता यांनी भारतात हिंडून इथली बौद्ध स्थापत्यशैली पाहिली होती. दर्शनी कमानीचा फोटो दाखवला तर आई पटकन म्हणाली, "अगं, ही तर आपल्या अजिंठ्याची कमान!" तेव्हापासून तो फोटो तिच्या उशाशी आहे.

आता अडचण. आईचं वय 74, दोन्ही गुडघे दुखतात. समोरच्या दगडी पायऱ्या बऱ्याच दिसतात. लिफ्ट किंवा उतार कुठल्या बाजूला आहे? आत खुर्च्या आहेत, बूट काढावे लागत नाहीत, हे वाचून जीव भांड्यात पडला.

दुसरं, सकाळी 7 च्या प्रार्थनेला बाहेरचे लोक बसले तर चालतं ना? तिथे मूर्ती अमिताभ बुद्धांची (महायान पंथात पूजतात ते, गौतम बुद्ध नव्हेत), पठण जपानीत. आईला पांढरी साडी नेसून हळू आवाजात त्रिसरण-पंचशील म्हणायचंय. कुणाला खटकणार तर नाही? निखाऱ्यावर धुपाची चिमूट सोडतात, ती कशी, किती वेळा?

कुणी आईवडिलांना घेऊन गेलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा. तिकिटं काढून झालीत.