बाळ संस्थेत द्यायचं असेल तर नक्की काय करतात?

सातारकरीण_७८
नमस्कार मंडळी, जरा नाजूक विषय आहे. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींच्या भाचीला आठवा महिना चालू आहे, वय २१, लग्न झालेलं नाही आणि तो मुलगा हात वर करून मोकळा झालाय. बाळ सांभाळणं जमणार नाही असं ती स्वतःच म्हणतेय. आता ओळखीतली एक बाई म्हणते चांगलं जोडपं आहे, दवाखान्यातूनच बाळ नेतील, वर तिला पैसे पण देतील, कागदबिगद काही नको. मावशी तयार आहेत पण माझ्या मनाला पटत नाहीये. संस्थेत दिलं तर पोलीस येतात का, गावात बोभाटा होतो का? प्लीज सांगा.

जुनी_कार्यकर्ती
ताई, आधी त्या बाईला नाही म्हणा. पैसे आले की ती बाळाची विक्रीच झाली, बाल न्याय कायद्यात कलम ८१ खाली ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे.
मी बरीच वर्षं शिशुगृहात काम केलंय. नोंदणीकृत संस्था असली तरी ती आपल्या मर्जीने बाळ ठेवून घेऊ शकत नाही, २४ तासांत (प्रवासाचा वेळ सोडून) बालकल्याण समितीपुढे (मुलांचे असे निर्णय घेणारी जिल्ह्याची सरकारी समिती) न्यावं लागतं. समितीत अध्यक्ष आणि ४ सदस्य असतात. ते मुलीशी बोलतात, समुपदेशन होतं, कुणी दबाव टाकलाय का ते विचारतात आणि मगच त्यांच्यासमोर समर्पणाच्या, म्हणजे बाळावरचा हक्क सोडल्याच्या, कागदावर सही. लग्न झालेलं नाही म्हणून आईची एकटीची सही चालते. मुलीवर केस होत नाही, नाव गुप्त ठेवतात.
आणि सही झाली की सगळं संपलं असं नाही, फेरविचाराला २ महिने मिळतात, तोवर बाळ दत्तक जाऊच शकत नाही. आमच्याकडे एक मुलगी सात आठवड्यांनी परत आली होती, जुन्या लुगड्याचं हाताने शिवलेलं झबलं घेऊन. ते बाळाला लहान झालं होतं, दंडात अडकत होतं, तरी तिने तेच घालून नेलं.

निनाद_के
एक गोष्ट ॲड करतो. लोक बोभाट्याच्या भीतीने बाळ देवळाच्या पायरीवर नाहीतर एसटी स्टँडवर ठेवून जातात आणि तिथेच जास्त गाजावाजा होतो, कारण मग पोलीस आईबापाचा शोध घेतात, बाळाचा फोटो पेपरात येतो. समर्पणात पेपरात काही येत नाही. आमची लेक दत्तक आहे, कारा पोर्टलवर (दत्तकासाठीची केंद्र सरकारची वेबसाइट) नाव नोंदवून आम्ही खूप वर्षं थांबलो. तिच्या फाइलमध्ये आईने सही केल्याची तारीख आहे, आईचं नाव नाही. लेक मोठी झाल्यावर तिला सांगायला आमच्याकडे एवढं तरी खरं आहे, दवाखान्यातून परस्पर नेलेल्या पोराकडे ते पण नसतं हो.

सातारकरीण_७८
खूप आधार वाटला. मावशींना आज वाचून दाखवलं, रडल्या. आता सुरुवात कुठून करू, थेट संस्थेत नेऊ का?

जुनी_कार्यकर्ती
१०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो. किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा, जिल्ह्यातली मान्यता असलेली दत्तक संस्था कुठली ते तिथे कळेल. बाळंतपणाआधीच जाऊन या म्हणजे ऐनवेळी कुणी गाठणार नाही. बाळंतपण सरकारी दवाखान्यात करा, तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा. सहीच्या दिवशी कागद मोठ्याने वाचून घ्या, कॉपी मागा आणि २ महिन्यांची शेवटची तारीख तिच्या मोबाईलमध्ये टाकून ठेवा. त्या दिवशी मावशींऐवजी तुम्ही सोबत गेलात तर बरं, घरच्यांसमोर पोरी खरं बोलत नाहीत.